ज्याच्याकडं बघतो त्ये झिजतंय

झोळी मोकळी व्हती.

म्या हात घातला, पुन्ना घातला, दुपटं झाडलं, बाजंखाली बघितलं. लाईट गेलेली, घरात डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना. गोठ्यातनं दुधाची चरवी घेऊन आल्ते, ती कुठं ठिवली का सांडली त्ये बी ध्यानात न्हाय. सात महिन्याचं लेकरू, आजून रांगत बी न्हवतं, जाईल कुठं? "आत्याबाई! ओ आत्याबाई!" म्हनून वरडले, पन सासू शेजारी बसाय गेल्ती, तिच्यापत्तूर आवाज कशाचा जातोय. मग वर नजर गेली. जिन्याच्या टोकाला, आमच्या भाडेकऱ्याच्या खोलीत, लाल उजेड व्हता. दिव्याचा न्हाय, चुलीचा न्हाय. लाल.

कशी चढले ठावं न्हाय. दारात गेले तर मास्तर खुर्चीवर बसलेले, कपाळाला त्यो लाल बॅटरीचा पट्टा, मांडीवर माझी पोरगी उघडी, झबलं वर सारलेलं, आन् ह्यो मानूस एका हातात घड्याळ धरून तिच्या छातीकडं टक लावून बघतोय आन् व्हट हलवतोय. पोरीनं मान टाकलेली. त्या उजेडात तिचं आंग रगताच्या रंगाचं दिसत व्हतं.

म्या किंचाळले. मास्तरनी माझ्याकडं न बघताच हात वर केला, जसं वर्गात पोरांना गप करत्यात तसा.

"अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ… बासष्ट." मग वर बघितलं. "सूनबाई, एका मिनिटात बासष्ट श्वास. बरगड्या आत ओढतेय ही. सर्दी छातीत उतरलीय. हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

म्या लेकरू हिसकलं.

"माझ्या पोरीला हात कसा लावला तुमी?"

"रडत होती, रडत होती, आणि एकदम गप झाली. ते गप होणं बरं वाटलं नाही म्हणून खाली आलो. खाली अंधार, माझी बॅटरी चार्जिंगला वर होती. हाका मारल्या मी तुम्हाला."

"मला न्हाय आल्या ऐकू."

खरंच न्हवत्या आल्या. का आल्या आन् म्हशीच्या धारंच्या आवाजात कळल्या न्हाईत, त्ये आता कसं सांगू? त्या टायमाला मला एकच कळत व्हतं, ज्याचा मला महिन्याभरापासनं संशव व्हता त्येच झालं.

संशव कसला, त्ये सांगते. न्हायतर तुमी म्हनाल बाई येडी हाय.

आमचं गाव ढोकीच्या अलीकडं, रस्त्यापासनं आत, रानातच वस्ती. घरावर स्लॅप टाकला तवा वर एक खोली काढली. आमचं मालक, पोरीचा बाप, सीझनला ट्रॅक्टरवर, फडातनं ऊस भरायचा आन् कारखान्याला न्यायचा, नंबर लागला न्हाय तर दोन दोन दिवस गाडीतळावरच. घरात आमी दोघी बायका आन् पोरगी. म्हनून मालकानंच आनला भाडेकरू. मुरुमकडचे रिटायर मास्तर, विज्ञान शिकवायचे, बायको वारलेली. "म्हातारा मानूस हाय, घराला सोबत व्हईल," म्हनले.

सामानात कपड्याची एक पेटी, आन् बाकी सगळ्या वह्या. आन् गळ्यात दुर्बीण. मला तवाच खटकलं. म्हाताऱ्या मानसाला दुर्बीण कशाला लागती? आजूबाजूच्या रानात बाया काम करत्यात, न्हानी आमची उघड्यावर, नुसता पडदा. पहिल्याच दिशी येऊन म्हनले, "सूनबाई, दिवेलागणीनंतर तासभर अंगणातला बल्ब बंद ठेवाल का? डोळ्यावर उजेड येतो." आंधार कशाला पायजे ह्या मानसाला? फोनवर बहिनीसंगं बोलायचे त्ये कानडीत. सासू म्हनायची, "आपल्याला कळू न्हाय म्हनून बोलतंय बग. तुजं नाव घेतलं आत्ता."

"माजं नाव कुठं घेतलं, आत्याबाई?"

"घेतलं. म्या ऐकलं."

पन म्या दुर्बिनीवर नजर ठिवली, तर ती रोज एकाच बाजूला. दक्षिनंकडं, वर. न्हानीकडं न्हाय, रस्त्याकडं न्हाय. मग एका सांजंला वाळत घातलेल्या मिरच्या काढाय वर गेले, पोरगी कडंवर, आन् तोंडावरच इचारलं, "काय बघता वो सर रोज?"

सर लई खूश झाले. मास्तरला कुनी काय इचारलं की असंच व्हतंय. मला दाखिवलं. वही लिवायला कपाळाला लाल बॅटरी, पांढऱ्या उजेडानं आंधारात बसलेली नजर मोडती म्हनं. देवमाशाचा आकार हाय म्हनं तिथं ताऱ्यांचा, मला काय मासा दिसला न्हाय, पन त्याच्या मानंपाशी एक लालसर तारा दिसला, बारका. म्हनले, "हा तारा धापा टाकतो. फुगतो, आवळतो. अकरा महिन्यांनी एक धाप. फार म्हातारा आहे. मध्ये इतका मंद होतो की दुर्बिणीतून पण सापडत नाही, आणि परत येतो."

"मग धाप टाकून काय व्हतंय त्याला?"

"झिजतो."

मला म्या आठवीपत्तूरच शिकले त्याचं वंगाळ वाटाय लागलं, कारन आयकाय बरं वाटत व्हतं. त्यांनी सांगितलं त्ये माज्या भाषंत सांगते. तारा फुगला की त्याचा वरला वायू लांब फेकला जातो. लांब ग्येला की गार व्हतो, गार झाला की त्याची धूळ व्हती, दगडाच्या पिठावानी. मग ताऱ्याचाच उजीड त्या धुळीला भाईर ढकलतो आन् धूळ वायूला संगं वढून नेती. परत्येक धापंला थोडं थोडं. आन् जितका तारा हलका, तितकी त्याची पकड ढिली, मग आजून फुगतो, आजून लांब धाप टाकतो, आजून जास्त जातं. थांबतच न्हाय. ह्या ताऱ्यामागं तर त्यानं टाकलेल्याची लांब शेपूट हाय म्हनं आभाळात, आपल्या डोळ्याला दिसत न्हाय एवढंच.

म्या म्हनले, "म्हंजी काहिलीवानी."

"कसली काहिल?"

माजा बाप गुळव्या. बारकी व्हते तवापासनं गुऱ्हाळावर वाढले. म्या सांगितलं त्यांना, काहिल म्हंजी उसाचा रस आटवायची मोठी कढई, रस उकळाय लागला की काहिल फुगती, फेस काठापत्तूर येतो, खाली बसतो, पुन्ना येतो. परत्येक फुगीला वाफ जाती, मळी काढून टाकायची, रस कमी कमी. आधी काकवी, मग गूळ. आन् शेवटाला बुडबुड्याची चाल बदलती, जड व्हत्यात, टायम घेऊन फुटत्यात. त्यावरनंच गुळव्या वळखतो आता उतरवायची. चुलवानात जाळ असतोय, पन रसच संपलेला असतोय.

मास्तर उठून उभे राह्यले. "सूनबाई, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत. अगदी तेच. जळण संपून मरत नाही हा तारा. जळण आत शिल्लक असतं, त्याच्या आधीच बाहेरचं सगळं उधळून बसतो. किती वेगानं उधळतो, त्यावर ठरतं किती दिवस जगणार. शेवटी आतला गड्डा तेवढा राहतो, लहानसा, पांढरा. मी चाल बदलते का ते बघतोय. धाप लांबतेय असा मला संशय आहे."

"कवापासनं बघताय?"

"तीस वर्षं. पावसाळे सोडून."

"तीस वर्सं रोज बघताय," म्या म्हनले, "आन् त्यो झिजतोच हाय?"

"झिजतोच आहे," म्हनले, आन् हसले. मग हसता हसताच माज्या कडंवरच्या पोरीकडं बघितलं, चांगलं निरखून, एक डोळा बारीक करून, जसं ताऱ्याकडं बघत्यात तसं. आन् म्हनले, "ही वाळलीय का हो? बरगड्या दिसायला लागल्यात हिच्या."

आमच्यात लेकराला असं तोंडावर म्हनत न्हाईत. जाड म्हनत न्हाईत, बारीक म्हनत न्हाईत, दूध प्याली का बी मोठ्यानं इचारत न्हाईत. म्या पोरीवर पदर टाकला. तसंच खाली आले. मिरच्या वरच राह्यल्या.

त्याच आठवड्यात अंगनवाडीच्या ताईनं वजन केलं. काट्याला लटकावली पोरीला, ताईनं वाचलं, मागचं पान काढलं, पुन्ना वाचलं. "कमी भरतंय गं. दूध पुरतंय का तुझं? आजारी होती का?" सर्दी व्हती थोडी. मला बी व्हती, सासूला बी. थंडीत कुनाला नसती? ताई म्हनली, दवाखान्यात दाखिव. पन मालक फडात, सासू म्हनली सर्दीला काय दाखवायचं, आन् म्या घरी येऊन ताऱ्याची समदी गोष्ट सासूला सांगितली. कशाला सांगितली असं आता वाटतंय.

सासू भाकरी थापत व्हती, ती थांबलीच. "म्हंजी तीस वर्सं ज्याच्याकडं बघतंय, त्ये झिजतंय?"

"तसं न्हाय आत्याबाई, तारा आपल्या आपन झिजतोय."

"त्येला इचारलंस? आदी झिजत व्हता का ह्यानं बघाय लागल्यावर?"

इचारलं न्हवतंच. आन् एकदा डोस्क्यात शिरलं की निघंना. बायको वारली, तिच्याकडं बी बघत असंल रोज. आमच्या परसातला शेवगा वाळला. पोरगी वाळाय लागली. म्या पोरीला पदराखाली झाकूनच अंगनात न्यायचे. काजळाचं बोट रोज. एक डाव जिन्यात गाठ पडली तर म्या तोंड फिरवलं. सर म्हनले, "काही चुकलं का माझं?" म्या म्हनले, "न्हाय वो."

मनाचं समाधान व्हावं म्हनून एकदा इचारलं बी, जिन्याच्या खालनंच, "सर, तुमाला कसं कळतं तारा मंद झाला का तुमची नजर?" कारन त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू धरलेला, त्यांनीच सांगितल्यालं.

"चांगलं विचारलंत. आधी डोळ्यावर संशय घ्यायचा, मग हवेवर. कारखान्याचा धूर तिकडं वळला की सगळंच मंद दिसतं. म्हणून शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचं. ते सगळे मंद दिसले, तर दोष माझा. हा एकटाच मंद दिसला, तरच त्याच्यावर बोट ठेवायचं."

म्या म्हनले बरं. आन् घरात येऊन पुन्ना काजळ लावलं.

तर त्या सांजंला, म्या पोरीला छातीशी धरून जिना उतरले, मागं सर. सासू तवर माजी किंचाळी ऐकून आल्ती. सर तिला बी तेच सांगाय लागले. "माझ्या स्कुटीवर नेतो दोघींना. नाहीतर एकशे आठला फोन लावतो, गाडी दारात येईल."

सासू पुढं झाली. "दारात गाडी आली की गाव गोळा व्हतंय. आन् पोरीचा बाप घरी न्हाय. तुमच्या मागं बसवून पाठवू का व्हय सुनंला आंधारात?"

"आजी, ही मानापानाची वेळ नाही."

"मास्तर, तुमी वर जावा."

"सूनबाई, तुम्ही तरी ऐका. छातीवर हात ठेवून बघा एकदा."

म्या हात ठिवलेलाच व्हता. भात्यावानी हलत व्हती छाती. मला कळत व्हतं. खरं सांगते, मला त्याच टायमाला कळत व्हतं की ह्ये सर्दीचं न्हाय. पन ज्यानं नजर लावली त्याच्याच गाडीवर बसून, त्याच्या नजरंपुढं पोरीला न्यायचं? आन् वाटंत काय झालं तर? म्या पोरीला पदराखाली घेतलं. सर दोन पायऱ्या वर ग्येले, थांबले, पुन्ना म्हनले, "मी जागाच आहे. कधीही हाक मारा." सासूनं दार लावलं.

मग मीठ, मव्हरी, सात लाल मिरच्या. पोरीवरनं उतरवल्या आन् चुलीत टाकल्या. तुमाला ठावं असंल, मिरच्या जळून ठसका लागला तर नजर न्हाय. ठसका न्हाय आला तर नजर लागली. आमी दोघी चुलीपाशी तोंड नेऊन बसलो. धूर निघाला. ठसका न्हाय. जरा बी न्हाय. सासूनं माज्याकडं बघितलं, म्या सासूकडं.

"बग," म्हनली. "आता तरी पटलं का?"

पटलं. पक्कं पटलं. दोघींची नाकं आठ दिसांपासनं चोंदलेली, भाजीला फोडनी घातलेली कळत न्हवती, त्येचा इच्यार कुनाच्या डोस्क्यात? आन् त्या धुरात माजी पोरगी व्हती. तिला तरी कुठनं ठसका येनार, तिच्यात खोकायचं बळच न्हवतं. धूर मातूर गेला तिच्या छातीत, चांगला आतपत्तूर.

म्या तिला घेऊन भिंतीला टेकून बसले. दूध तोंडात धरंना. बोटं निळसर पडली, म्या म्हनले काजळ लागलं असंल. नुसतं म्हनले न्हाय, तसं ठरवूनच टाकलं म्या. मालकाचा फोन लागंना. वरनं एकदा पावलं वाजली, जिन्यापत्तूर आली, थांबली, परत ग्येली. म्या हाक मारली न्हाय.

फटफटायला मालक आले, मोकळा ट्रॅक्टर घेऊन. पोरीकडं बघितलं आन् डोक्याचा टावेल बी काढला न्हाय, तसंच जीपवाल्याला उठवून धाराशिवला नेलं. नाकात नळी घातली, हाताला सुई. डॉक्टरीन बाई तरनीच व्हती, माज्याएवढी. म्हनली, "न्युमोनिया आहे. काल संध्याकाळीच आणायला पाहिजे होतं. इतकी धाप लागलेली घरात कुणाच्याच लक्षात आली नाही का?"

मालकानं माज्याकडं बघितलं. म्या म्हनले, "लाईट न्हवती."

एवढंच म्हनले.

आठ दीस तिथं व्हतो. पहिलं दोन दीस डॉक्टरीन बाई नुसती यायची, श्वास मोजायची, घड्याळात बघून, अगदी तसंच. म्या मान खाली घालायचे. तिसऱ्या दिशी पोरीनं दूध वढलं. वजन घटायचं कारन बी तिनंच सांगितलं, महिन्याभरापासनं छाती भरत व्हती, पीताना दम लागायचा म्हनून अर्धं प्यायची आन् झोपायची. मला वाटायचं पोट भरलं.

घरी आलो त्या दिशी मालकानं आईला इचारलं, त्या सांजंला नेमकं काय झालं. सासू म्हनली, "काय व्हायचंय? मास्तरनं पोरीला उचलून वर नेली. उघडी करून बसलं व्हतं, लाल दिवा लावून. तवापासनं पोरगी पडली."

ह्यात खोटं काय व्हतं? एक सबूद खोटा न्हवता. नुसतं निम्मं सांगितलं न्हाय.

मालक जिन्यानं वर ग्येले. म्या मागं. मास्तर वही मिटून उभे राह्यले, मालकाच्या आधी माज्याकडं बघितलं. "पोरगी कशी आहे?"

"माज्या पोरीचं नाव काढू नका," मालक म्हनले. "खोली मोकळी करा. आजच्या आज."

"काय झालं ते सूनबाईंना विचारा."

मालक माज्याकडं वळले. "काय गं? काय म्हनत्यात ह्ये?"

दोघं बी बघत व्हते. मास्तरनी बोलायला पायजे व्हतं, का बोलले न्हाईत? माज्यावर सोडलं त्यांनी. आन् माज्या डोळ्यापुढं काय व्हतं सांगू? म्हाताऱ्यानं दवाखाना सांगितला, गाडी देतो म्हनला, फोन लावतो म्हनला, आन् आईनं रातभर मिरचीच्या धुरात ठिवली, असं म्या आपल्याच तोंडानं सांगायचं. ह्या मानसानं डोक्याचा टावेल बी न काढता पोरीसाठी धाव घेतल्ती. त्यानं मला घरात ठिवलं असतं? सासूनं तर समदं माज्याच अंगावर ढकललं असतं, आन् आई म्या व्हते, ती न्हाय.

म्या म्हनले, "मला काय म्हाईत न्हाय."

मास्तरनी मान हलवली, हळूच. रागं भरले न्हाईत. रागं भरले असते तर बरं झालं असतं. वह्या पेटीत भरल्या. बहिनीकडं मुरुमला चाललो म्हनले, तिथं गच्चीवर समोरच मोठा दिवा हाय, आता तारा पुन्ना उजळाय लागलाय आन् नेमका ह्याच टायमाला दिसनार न्हाय. कुनाला म्हनले काय म्हाईत, मालक तवर खाली गेल्ते. म्या पेटीची एक कडी धरून जिना उतरवाय मदत केली. एवढीच केली.

पोरगी आता चालाय लागलीय. गुबगुबीत झालीय, म्हनू न्हाय तरी म्हनते. मालक तिला खांद्यावर घेऊन गावात सांगत्यात, "त्या मास्तरला येळंला हाकललं म्हनून वाचली." बाया मला खोदून इचारत्यात, नेमकं काय करत व्हता गं त्यो लाल दिवा लावून? म्या म्हनते, जाऊ द्या की. माज्या जाऊ द्या म्हनन्यानं आजूनच वाढतंय, त्ये बी मला कळतंय. परवा एकजन म्हनली, मुरुमला बी कळवाय पायजे, तिकडं बी लेकरं हाईत.

मास्तरचा नंबर माज्या मोबाईलात हाय. मालकाला सांगायचं म्हनून म्या तीन डाव तोंड उघडलंय, तिन्ही डाव चहा घेता का म्हनले. आन् खरं सांगू, आजून बी कुनी पोरीकडं जरा जास्त टायम बघितलं की माजा हात आपल्या आपन तिच्या तोंडावर जातो. संशव तसा ग्येलाच न्हाय, नुसता मास्तरवरनं उठला.

तर मला सांगा. शिकलेल्या असा, नसा. आंधारात जिन्यावर तुमच्या हातात लेकरू असतं आन् त्याची छाती भात्यावानी हलत असती, तर तुमी त्या मानसाच्या गाडीवर बसला असता का? बरं, न्हाय बसला. पन नंतर? नवरा तोंडावर इचारतोय, म्हातारा गप उभा हाय, घर तुमचं ह्येच हाय, तवा तुमी काय म्हनला असता?